शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की घरातली मोठी माणसं आधी खोल्या मोजतात. ऊन कुठून येतं, पाणी कसं आहे, कामाची जागा किती लांब. मग कुणीतरी विचारतं, ‘शाळेचं काय?’ आणि निकालाच्या टक्केवारीसकट शाळांची यादी उघडली जाते. शेजाराचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी निघतो आणि ‘वस्ती चांगली आहे म्हणतात’ एवढ्या एका वाक्यात मिटतो.

हा क्रम मुलांच्या दृष्टीने उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. मोठ्या माणसाला नव्या गावात कामाच्या ठिकाणी ओळखी होतात, चहाला कुणीतरी हाक मारतं. मुलाला वर्गात गप्प बसायचं असतं आणि मधली सुट्टी सुरू होते न होते तोच घंटा वाजते. ते नव्या जागी रुळणार की नाही, हे बरंचसं शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात ठरतं. फाटकातून बाहेर पडल्यावर ते कुणाबरोबर चालतं, वाटेत कुठे रेंगाळतं, घरी पोचायच्या आत त्याला कुणी ‘खेळायला येतोस का?’ असं विचारतं का? चांगली शाळा आणि आपलंसं करणारी वस्ती यांच्या दोन वेगळ्या याद्या केल्या की नेमकी ही मधली वाट पाहायची राहून जाते.

मैत्रीला वेळ लागतो, आणि किती लागतो याचा थोडाफार अंदाज आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना आणि महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नव्या ओळखींबद्दल विचारलं होतं. नुसती ओळख वरवरच्या मैत्रीत बदलायला साधारण ५० तासांचा सहवास लागला, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला ९०, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. मुलांचं गणित हुबेहूब असंच असेल असं नाही, लहान मुलं पटकन जुळतात. पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शाळेनंतर रोज अर्धा तास सोबत मिळाली तर आठवड्याचे अडीच तास होतात, म्हणजे ५० तासांना २० आठवडे, जवळजवळ पाच महिने. तीच सोबत रोज दीड तास मिळाली तर सात आठवड्यांत काम होतं. आणि शाळा सुटताच गाडीत बसून पाऊण तास लांब जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, मग ती शाळा निकालात कितीही वरची असो.

म्हणून शोधाची सुरुवात नकाशावरच्या अंतरापासून करावी, आणि अंतर मिनिटांत मोजावं. कामाची जागा (दोघं काम करत असतील तर दोघांच्याही) आणि पसंतीच्या दोन-तीन शाळा नकाशावर मांडा. कामाच्या दिवशी, प्रत्यक्ष निघायच्या वेळेला किती वेळ लागतो ते पाहा. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता सोमवारी सकाळी तसा नसतो. त्यात गाडी लावणं, जिने, थांब्यापर्यंत चालणं यांची दहा मिनिटं धरा. शाळेचं अंतर मात्र मुलाच्या पावलांनी मोजायचं. मोठं माणूस ८०० मीटर दहा मिनिटांत जातं; सहा-सात वर्षांचं मूल दप्तर पाठीवर घेऊन, थांबत-बघत त्याला सहज पंधरा मिनिटं लावतं. नगररचनेचे अभ्यासक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी शेजाराची जी कल्पना मांडली, तिच्या मधोमध प्राथमिक शाळा होती आणि घरं तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आत होती. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जाणारे, आतून नव्हे. सगळ्यांना असं घर मिळत नाही, पण मूल एकटं किंवा सोबत्यांबरोबर चालत जाऊ शकेल असं अंतर मिळत असेल तर त्यासाठी एखादी खोली कमी घ्यायला हरकत नाही.

आता कागदपत्रं. इथे चुका होतात आणि त्या महागात पडतात.

जिथे शाळेचा प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो, तिथे घराच्या जाहिरातीतल्या ‘अमुक शाळेच्या हद्दीत’ या शब्दांवर विसंबू नये. हद्दीची रेघ पुष्कळदा रस्त्याच्या मधून जाते. समोरासमोरच्या दोन घरांतली मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. घरक्रमांकासकट पूर्ण पत्ता शाळेच्या कार्यालयाला किंवा तिथल्या शिक्षण खात्याला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. पुढच्या वर्षी हद्द बदलण्याचा प्रस्ताव आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. नवी शाळा उघडली किंवा पट फार वाढला की हद्दी सरकतात. आणि पत्ता हद्दीत असला म्हणजे जागा मिळालीच असं नसतं. विचारायचा प्रश्न असा: ‘या इयत्तेत, या महिन्यात जागा आहे का? नसेल तर प्रतीक्षायादीत किती मुलं आहेत, आणि क्रम कशावर लागतो?’ भावंड आधीच शाळेत असणं, अंतर, अर्जाची तारीख असे निरनिराळे निकष असतात. अंतर हवाई रेघेने मोजतात की चालण्याच्या वाटेने, यावरसुद्धा एखादा प्रवेश हुकतो. पत्त्याचा पुरावा म्हणून कोणता कागद चालतो आणि तो कोणत्या तारखेच्या आतला लागतो, हे भाडेकरारावर सही करण्यापूर्वी कळलेलं बरं.

वयाच्या अटीकडे दुर्लक्ष होतं. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात येतात, जपानमध्ये २ एप्रिल ते १ एप्रिल. मे महिन्यात जन्मलेलं मूल एका ठिकाणी वर्गातल्या लहानांत बसतं, तर दुसऱ्या ठिकाणी मोठ्यांत. प्रदेश बदलताना मूल एक इयत्ता पुढे किंवा मागे ढकललं जाणार आहे का, हे आधी विचारा. गणिताचा क्रमही पाहा. अपूर्णांक एका अभ्यासक्रमात शिकवून झालेले असतात, दुसऱ्यात अजून यायचे असतात, आणि नेमकं त्या फटीतून निसटलेलं मूल पुढे दोन वर्षं ‘मला गणित जमत नाही’ म्हणत बसतं. जुन्या शाळेतून दाखला आणि प्रगतिपुस्तक आणालच. सोबत शेवटच्या सत्राच्या गणिताच्या आणि भाषेच्या वह्या आणा. नव्या शिक्षकाला त्या वह्या चाळून दहा मिनिटांत जे कळतं ते गुणांच्या तक्त्यातून कळत नाही. मुलाला वेगळी मदत लागत असेल, वाचनाची, ऐकण्याची किंवा वागणुकीची, तर तपासणीचे अहवाल आधी पाठवा आणि मदत कोणत्या दिवसापासून, आठवड्यातून किती तास, कोण देणार, हे लिहून मागा.

निकालांबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की शाळेचे सरासरी गुण बऱ्याच अंशी तिथे कोणत्या घरांतली मुलं येतात ते सांगतात. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या सहा लाखांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीतून हेच दाखवलं: घरची पार्श्वभूमी आणि सोबतची मुलं यांचा गुणांशी जेवढा घट्ट संबंध होता, तेवढा शाळेच्या इमारती-साधनांचा नव्हता. त्यामुळे मिळत असेल तर प्रगतीचा आकडा पाहावा, म्हणजे तीच मुलं दोन-तीन वर्षांत किती पुढे सरकली. उंच सरासरीची किंमत बऱ्याचदा घरातच भरलेली असते. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली, तेव्हा ५ टक्के जास्त गुणांसाठी पालक घराला साधारण २.५ टक्के जास्त मोजत असल्याचं दिसलं. रेघेच्या पलीकडच्या शाळेत मुलं तेवढीच पुढे सरकत असतील, तर हे जास्तीचे पैसे कशासाठी, असा प्रश्न स्वतःला विचारावा. दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची. ३० मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे ३.३ टक्के. तीन मुलं आजारी पडली किंवा तीन हुशार मुलं त्या वर्षी आली, की निकाल १० टक्क्यांनी हलतो. एका वर्षाचा आकडा पाहून शाळा ठरवू नका, निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा, आणि परीक्षेला पटावरची किती मुलं बसली तेही पाहा.

याहून बोलका आकडा कुणी सहसा विचारत नाही: गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? मुख्याध्यापक किती वर्षांपासून आहेत? दरवर्षी चौथाई शिक्षक बदलत असतील, तर तुम्ही ज्या शाळेबद्दल ऐकलंत ती शाळा आता तिथे नाही.

शाळा पाहायला जाल तेव्हा पालकांसाठी ठेवलेल्या खास दिवसावर थांबू नका. त्या दिवशी फरशी चमकत असते आणि बोलकी मुलं पुढे उभी केलेली असतात. साध्या कामाच्या दिवसाची वेळ मागून घ्या, तास बदलण्याच्या सुमाराची. व्हरांड्यातून मुलं एका वर्गातून दुसऱ्यात कशी जातात, वाटेत शिक्षक त्यांना नावाने हाक मारतात की नुसतं ‘ए, इकडे’ म्हणतात, हे ऐका. भिंतीवर लावलेली चित्रं सगळी एकसारखी असतील, चाळीस तीच घरं, चाळीस तेच सूर्य, तर तिथे मुलांना कितपत मोकळीक आहे ते समजतं. ग्रंथालयातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं एखादं पुस्तक काढून पाहा. कोपरे झिजलेले, पानं मऊ पडलेली असतील तर ते वाचलं जातं. स्वच्छतागृह जरूर पाहा. दिवसभर तिथे जायला नको म्हणून पाणी न पिणारी मुलं असतात, आणि घरी कुणाला त्याचा पत्ता नसतो.

मग वर्गशिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना एकच प्रश्न नीट विचारा: ‘मागच्या वर्षी मधूनच आलेली मुलं किती होती, आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत?’ ‘आमच्याकडे सगळे लगेच मिसळून जातात’ हे उत्तर असेल तर त्याचा अर्थ कुणी लक्ष दिलेलं नाही. जिथे खरंच काळजी घेतात, तिथे उत्तरात तपशील येतो. पहिल्या दिवशी कुणाशेजारी बसवायचं ते आधी ठरवतात. मधल्या सुट्टीत सोबत राहायला दोन मुलं नेमतात. दोन अशासाठी, की एक गैरहजर राहिलं तरी नवं मूल एकटं पडू नये. तिसऱ्या आठवड्यात पालकांना फोन करतात, कारण पहिला आठवडा नवलाईत जातो, दुसऱ्यात सगळे सांभाळून घेतात, आणि तिसऱ्यात सोबतची मुलं आपल्या जुन्या घोळक्यात परत जातात. बारीकशी एक गोष्ट विचारून बघा: नव्या मुलाच्या नावाचा उच्चार तुम्ही आधी विचारून घेता का? हजेरीच्या वेळी चाळीस मुलांसमोर आपलं नाव वेडंवाकडं घेतलं गेलं, सगळे हसले, तर ते मूल दुसऱ्यांदा दुरुस्त करत नाही. ते त्या नावाला ‘हजर’ म्हणू लागतं.

वर्गात पाच मिनिटं काही न बोलता बसून आवाज ऐकायची परवानगी मिळाली तर ती सोडू नका. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पी. एस. ९८ नावाची शाळा आहे. तिच्या एका बाजूला उन्नत रेल्वेमार्ग, आणि दर काही मिनिटांनी गाडी गेली की शिक्षकांना थांबावं लागे. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी या संशोधकांनी १९७५ साली दोन्ही बाजूंच्या वर्गांचं वाचन ताडून पाहिलं. इमारत तीच, शाळा तीच, पण रुळांकडच्या बाजूची मुलं मागे होती, आणि सहावीपर्यंत हा फरक जवळपास एका वर्षाचा झाला होता. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. म्हणजे शाळा निवडली तरी खिडकीची बाजू बाकी राहते. घराबाबतही हेच: मुलाची अभ्यासाची खोली रहदारीकडे उघडते का, ते संध्याकाळी सहाला जाऊन पाहावं.

भाषा बदलणार असेल तर एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की रोजच्या बोलण्याची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण पाठ्यपुस्तकाची, कारणमीमांसेची, निबंधाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं जातात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मूल मैदानावर फाडफाड बोलतं आणि विज्ञानाच्या पेपरात अडखळतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘भाषा तर येते, अभ्यासच करत नाही.’ शाळा भाषेची जादा मदत किती वर्षं चालू ठेवते, हा प्रश्न यासाठी. सहा महिन्यांत मदत बंद करणारी शाळा अशा मुलाला अर्ध्या पुलावर सोडते. घरची भाषा घरात चालूच राहू द्या. ज्या भाषेत मूल विचार करतं, तिच्यातली समज नव्या भाषेतही कामी येते.

आता रस्ता, म्हणजे खरा शेजार.

नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारखेच तीन रस्ते अभ्यासले, फरक फक्त रहदारीचा. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र निघाले, गजबजलेल्या रस्त्यावर ०.९. आपल्या ‘घराची’ हद्द दाखवा म्हटल्यावर शांत रस्त्यावरच्या लोकांनी पलीकडचा फुटपाथही आपलाच धरला, तर मोठ्या रस्त्यावरच्यांची हद्द दारापाशी येऊन थांबली. हा फरक तुम्हाला स्वतः मोजता येतो. गर्दीच्या वेळी पंधरा मिनिटं उभं राहून दोन्ही दिशांच्या गाड्या मोजा. त्या आकड्याला चारने गुणा, म्हणजे तासाचा अंदाज येतो. गर्दीच्या एका तासात ढोबळमानाने दिवसाच्या दहाव्या हिश्शाएवढी रहदारी असते, म्हणून पुन्हा दहाने गुणा. पंधरा मिनिटांत ५० गाड्या म्हणजे दिवसाला सुमारे २,०००. चारशे मोजल्यात तर तो तिसरा रस्ता.

वेगही पाहा. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी एकूण सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीने ब्रेक लावायला सुरुवातही केलेली नसते. शाळेच्या वाटेवर मुलाला असा रस्ता किती वेळा ओलांडावा लागणार, हे मोजणं खोल्या मोजण्याइतकंच जरुरीचं आहे. एकदाही नाही, हे सगळ्यात चांगलं. एकदा, सिग्नल किंवा रस्ता ओलांडून देणारं माणूस असलेल्या जागी, हे चालेल. बिनसिग्नलचा मोठा चौक मध्ये असेल तर मूल बारा वर्षांचं होईपर्यंत तुम्हीच त्याला नेत-आणत राहाल, आणि तो अर्धा तास त्याचा राहणार नाही.

घर कोणत्या मजल्यावर, कोणत्या टोकाला, यालाही महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. सगळे नवे, घरं वाटून दिलेली, कुणी शेजार निवडलेला नव्हता. जवळचे मित्र विचारल्यावर अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांची नावं घेत होते, एकाच मजल्याच्या दोन टोकांवरचे १० टक्के. अंतर काही पावलांचंच होतं. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या. नव्या जागी कुणीच ओळखीचं नसताना जिन्याजवळचं दार, सामायिक अंगणावर उघडणारी खिडकी या गोष्टी तुमच्या बाजूने रोज थोडं थोडं काम करतात. जिथून थेट तळघरात गाडीत बसता येतं आणि थेट गाडीतून घरात येता येतं, तिथे सहा महिन्यांनीही शेजारी लिफ्टमध्ये मान डोलावण्यापुरतेच राहतात.

त्या रस्त्यावर आपल्या मुलाच्या वयाची मुलं आहेत का, हे विचारण्यापेक्षा दिसतं. जिन्याखाली लावलेल्या सायकली किती उंचीच्या आहेत? भिंतीवर चेंडूचे गोल डाग आहेत का? फरशीवर खडूच्या रेघा? वाळत घातलेल्या कपड्यांत शाळेचा गणवेश किती ठिकाणी, आणि तो त्याच शाळेचा आहे का? वसाहतीची लेखी नियमावली मागून वाचा. ‘आवारात चेंडू खेळू नये’, ‘सायकल चालवू नये’, ‘भाडेकरूंच्या मुलांनी सभागृह वापरू नये’ अशी कलमं असतील तर हसतमुख दलाल काय म्हणतो याला अर्थ उरत नाही.

आणि ‘चांगली वस्ती’ या शब्दांपाशी जरा थांबा. सांगणाऱ्याला विचारा, चांगली म्हणजे काय? उत्तर रस्ते, दिवे, मैदान, दवाखाना असं आलं तर ठीक. ‘आपल्यासारखीच माणसं आहेत’ असं आलं तर ‘आपल्यासारखी’ या शब्दात कोण बसत नाही ते समजून घ्या, कारण उद्या त्या बाहेरच्यांत तुमचंच मूल असू शकतं. वस्ती स्वागत करते की नाही हे तिथे तीस वर्षं राहिलेल्याला विचारून कळत नाही. गेल्या वर्षी-दीड वर्षात आलेल्या कुटुंबाला विचारा. त्यातही एकट्या पालकाला, वेगळी भाषा बोलणाऱ्या घराला, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना. ‘पहिल्या महिन्यात तुमच्या दारी कोण आलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर ते अचूक देतात. हे कुणी विसरत नाही.

सगळ्या थरांतली मुलं एका शाळेत असणं आणि त्यांची एकमेकांशी मैत्री असणं, यांतही फरक आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेतल्या फेसबुकवरच्या मैत्रीच्या जाळ्यांचा प्रचंड मोठा अभ्यास केला. गरीब घरातली मुलं पुढे किती वर येतात याच्याशी, श्रीमंत-गरिबांतल्या मैत्रीचा संबंध त्यांनी तपासलेल्या सामाजिक घटकांत सगळ्यात घट्ट निघाला. आणि ती मैत्री न होण्याचं साधारण निम्मं कारण एकत्र न येणं हे होतं, तर निम्मं एकत्र येऊनही न मिसळणं हे. म्हणून शाळेच्या पटावरचे आकडे पाहून समाधान मानू नये, मधल्या सुट्टीत कोण कुणाजवळ बसतं ते पाहावं.

वयाचा मुद्दा थोडक्यात. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहायला मदत मिळाली. पुढे चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ यांनी २०१६ साली दाखवलं की १३ वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची विशीतली कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा ३१ टक्के जास्त होती. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना फायदा झाला नाही, किंचित तोटाच झाला. ती कुटुंबं फार हलाखीच्या वस्तीतून निघाली होती, तो आकडा प्रत्येक घराला लावता येणार नाही. तरी दिशा पटण्यासारखी आहे: लहान मुलाला नवी वस्ती भरपूर वर्षं मिळते, किशोरवयीन मुलाच्या पदरात बदलाचा धक्का आधी पडतो. शेवटच्या मोठ्या परीक्षेला दोन वर्षं उरलेली असताना हलणं टाळता येत असेल तर टाळावं. येत नसेल तर त्या मुलाला घरं पाहायला बरोबर न्या आणि दोन घरांतलं शेवटचं ठरवायचा हक्क खरोखर त्याला द्या. नुसतं विचारल्यासारखं करू नका.

शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. मूल आणि वाट एकमेकांना मानवतात का, हे कळायला एक पूर्ण शालेय वर्ष लागतं. मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीला हलायची पद्धत पालकांना सोयीची असली तरी मुलाला ती जड जाते, कारण सगळे आपापल्या गावी गेलेले असतात आणि ते दीड-दोन महिने खिडकीत बसून काढतं. शाळा उघडायच्या दोन ते तीन आठवडे आधी पोचा. तेवढ्यात वाट पाच-सहा वेळा चालून होते, मैदान सापडतं, ग्रंथालयात नाव नोंदवलं जातं, आणि एखादं तोंडओळखीचं मूल मिळतं. वर्षाच्या मध्ये जावं लागलं तरी घाबरू नका. जूनमध्ये दहा नव्या मुलांत विसरलं गेलेलं मूल नोव्हेंबरात एकटंच नवं असल्यामुळे शिक्षकांच्या जास्त लक्षात राहतं.

करारावर सही करण्यापूर्वी, शाळेच्या कार्यालयात सांगून ठेवून, सुटण्याच्या वीस मिनिटं आधी फाटकापाशी जाऊन उभे राहा. फोटो काढू नका, मूल बरोबर असेल तर उत्तम. आधी पळत येणारी येतात, मग न्यायला आलेल्यांचे हात धरणारी. खरं पाहायचं ते नंतर. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या मुलासाठी कुणी थांबतं का? घ्यायला आलेली माणसं घोळका करून पाठी फिरवून उभी आहेत, की नव्या माणसाला सामावेल एवढी जागा मध्ये राहते? घंटेनंतर वीस मिनिटांनी पुन्हा त्या रस्त्यावरून घराच्या दिशेने चालत या. रस्ता रिकामा झाला असेल तर मुलं गाड्यांतून निघून गेली. पायरीवर दप्तरं पडलेली असतील, एखादी पाण्याची बाटली कठड्यावर विसरलेली असेल, कुणीतरी वरच्या मजल्यावरून ‘अंधार पडायच्या आत’ असं ओरडत असेल, तर त्या रस्त्यावरचं घर जरा जुनं असलं तरी घ्या.

आणि राहायला आल्यावर पहिले सहा आठवडे शाळा सुटण्याच्या वेळी कुणीतरी एक मोठं माणूस मोकळं असू द्या. दुपारचे क्लास लगेच लावू नका. रोज त्याच वाटेने, त्याच वेळेला, रमतगमत या. मूल वाटेत थांबलं तर थांबा.